पितळेतली मॅच

हर्षदा इंगवलेनं आपल्या आजोबांना पहिल्यांदा धड पाहिलं ते वयाच्या पन्नाशीत, आणि तेही गोल खाताना.

आजोबा गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती. घरात त्यांचा एकच फोटो होता, कोट-टोपीतला, कुणीतरी दम देऊन बसवल्यासारखा. पुण्याच्या चित्रपट-संग्रहालयात ती जुन्या फिल्म दुरुस्त करायची. त्या दिवशी रोजच्यासारखंच एक न्यूजरील साफ करून तिनं पडद्यावर लावलं. लोकरीच्या स्वेटरमधला एक उंच गोलकीपर तळहातांवर थुंकून गोलपोस्टपाशी उभा राहिला, आणि हर्षदाच्या मनात आलं, बापू इथे काय करतायत? तेच रुंद कपाळ, तोच जरा उतरता डावा खांदा. बापू म्हणजे तिचे वडील. मग तिनं डब्यावरचं साल पाहिलं. १९४४. बापूंचा तेव्हा जन्मसुद्धा झाला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात सरकार अशी न्यूजरीलं थेटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचं. रेशनच्या रांगा, जखमी सैनिकांसाठी पट्ट्या गुंडाळणाऱ्या बायका, हवाई हल्ल्याची तालीम, आणि शेवटी लोकांना जरा बरं वाटावं म्हणून एखादा खेळ. या रिळात कोल्हापूरजवळची वळिवड्याची छावणी होती. युद्धानं देशोधडीला लागलेली पोलंडमधली हजारो माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, तेव्हा तिथे राहत होती. बराकींपुढे दोरीवर चादरी वाळत होत्या. फिकट वेण्यांच्या मुली रांगेनं शाळेला निघाल्या होत्या. एक म्हातारी परातीत पीठ मळता मळता कॅमेऱ्याकडे बघून लाजली. मग मैदान आलं. युद्धफंडासाठी मॅच होती, छावणीतली पोरं विरुद्ध कोल्हापूरचं कॉलेज. पोलिश पोरांच्या पायात बूट होते, कॉलेजची निम्मी टीम अनवाणी. गोलच्या मागे संस्थानचा बँड उभा होता.

खेळ रंगात आला असताना गोलकीपरनं एकदम मान डावीकडे वळवली. चौकटीबाहेर कुठेतरी पाहिलं, हात वर केला. तेवढ्यात त्याच्या उजवीकडून बॉल आत गेला.

हर्षदानं रीळ थांबवलं आणि कोल्हापूरला फोन लावला.

"बापू, आबा सापडले."

"कुठले आबा?"

"तुमचे आबा. यशवंत इंगवले. फिल्ममध्ये. ती मॅच आहे बापू. तीच."

बापू, म्हणजे रंगराव इंगवले, चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, पण बोलायचं थांबणं त्यांना माहीत नव्हतं. आज मात्र त्यांनी एवढंच विचारलं, "पळताना दिसत्यात?"

"एकदा दिसतात. बॉल धरायला."

"मी त्यांना कधी पळताना बघितलं नाही गं," बापू म्हणाले.

*

ती मॅच इंगवल्यांच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. यशवंतचा धाकटा भाऊ आनंदा बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झाला होता. दीड वर्ष त्याचा पत्ता नव्हता. भावाची मॅच बघायला तो दूधवाल्याच्या वेशात, डोक्यावर घागर घेऊन मैदानावर आला, आणि तिथेच पकडला गेला. भावाला पोलिसांनी धरलेलं बघून यशवंतचं भान सुटलं आणि गोल झाला. तीन महिन्यांनी आनंदा तुरुंगात विषमज्वरानं गेला.

आणि त्याला पकडून दिलं ते बळवंत रेडेकरानं. बळवंत कॉलेजच्याच टीममध्ये होता, यशवंतच्याच गल्लीतला. गडबड झाली तेव्हा तो आपली जागा सोडून पोलिसांच्या घोळक्यात उभा होता. पोलिसांनी दोघांनाही नेलं, पण बळवंतला दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. एवढं लोकांना पुरलं. त्याच्या घरावर दगड पडले, गल्लीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. तो पुन्हा फुटबॉल खेळला नाही. तसे यशवंत इंगवलेही खेळले नाहीत. ते साखर कारखान्यात कारकून झाले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी फुटबॉलवेड्या गावात एकही मॅच न बघता काढलं.

बापूंनी मोठेपणी चुलत्याच्या नावानं स्मृतिचषक सुरू केला. आज त्या स्पर्धेला गाव लोटायचं. एकच अलिखित नियम होता, रेडेकरांपैकी कुणी त्या मैदानावर पाय ठेवायचा नाही.

हा नियम फक्त मैदानापुरता नव्हता, हे हर्षदाइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. कॉलेजात असताना तिचं आणि बळवंतच्या नातवाचं, सुहास रेडेकरचं, लग्न ठरल्यात जमा होतं, म्हणजे त्या दोघांनी ठरवलं होतं. बापूंनी आवाजही चढवला नाही. "आनंदाकाकांच्या फोटोपुढं उभी राहून सांग मला," एवढंच म्हणाले. ती उभी राहिली आणि तिला सांगता आलं नाही. पुढे तिचं दुसरीकडे लग्न झालं, मोडलंही. सुहासनं केलंच नाही. तो कोल्हापुरात मुलींची फुटबॉल टीम चालवायचा.

"हर्षदा," बापू फोनवर म्हणाले, "तुमच्याकडं ते यंत्र आलंय न्हवं? कॅमेऱ्याच्या मागचं दाखवणारं?"

तिला हा प्रश्न येणार हे माहीत होतं.

*

त्या यंत्रातून निघणाऱ्या चित्राला लोक पैलचित्र म्हणत. त्यामागची कल्पना साधी होती. चकाकणाऱ्या प्रत्येक वस्तूत समोरचं जग उतरलेलं असतं. लोटीत खोली दिसते, चष्म्यात खिडकी दिसते, माणसाच्या बुबुळात समोरचा माणूस दिसतो. जुन्या फिल्मवरही ते सगळं उमटलेलं असतं, फक्त इतकं बारीक आणि फिल्मच्या कणांच्या कचकचाटात इतकं बुडालेलं की डोळ्याला कळत नाही. पण कण प्रत्येक चौकटीत वेगळे पडतात आणि वस्तूवरचा प्रकाश तोच राहतो. शेकडो चौकटी एकावर एक ठेवल्या की कण एकमेकांना खोडतात आणि प्रकाश साठत जातो. मग त्या वस्तूचा बाक मोजायचा आणि वाकडं प्रतिबिंब गणितानं सरळ करायचं. कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं राहिल्यावर जे दिसलं असतं ते समोर येतं, धुरकट आणि करडं.

चेहरे ओळखू येत नसत. आकार दिसत, हालचाल दिसे, कोण कुठल्या क्षणी कुठे होतं ते दिसे. आणि हे यंत्र कल्पना करत नसे. जुन्या फोटोंना रंग-डोळे लावून देणारी गोडबोली यंत्रं बाजारात ढिगानं होती. हे तसं नव्हतं. जिथून प्रकाश पोचलाच नाही ती जागा ते काळी सोडून देई. म्हणूनच कोर्टांनी त्याला पुरावा मानायला सुरुवात केली होती.

वर्षभरात त्यानं बराच गोंधळ घातला होता. लग्नाच्या व्हिडिओत समईच्या पितळेतून भलतीच माणसं भलत्या खोलीत जाताना दिसली. सत्कार समारंभांत पुढारी चकचकीत ढालींऐवजी लाकडी ढाली घेऊ लागले. कॅमेऱ्यामागची जागा आजवर सगळ्यात सुरक्षित होती, तशी ती आता राहिली नव्हती. संग्रहालयात रोज कुणीतरी आजीच्या बारशाची फिल्म घेऊन यायचं आणि बहुतेक वेळा रडत परत जायचं. हर्षदाला हल्ली झोप नीट लागत नसे. दुसऱ्यांच्या घरांत आपण विनाकारण दिवे लावत फिरतोय असं तिला वाटे.

"बळवंत रेडेकर पोलिसांशेजारी उभा होता," बापू सांगत होते. "यंदा फायनलला मोठा पडदा लावणार आहोत. त्याच्यावर दाखवू. सगळ्या कोल्हापूरला एकदा बघू दे डोळ्यांनी."

"बापू, त्यातून काय निघेल ते आपल्या हातात नसतं."

"जे झालंय तेच निघणार की. घाबरायचं काय त्यात?"

*

गोलमागच्या बँडमध्ये एक थोराड पितळी वाद्य होतं. वाजवणाऱ्याच्या अंगाला वेटोळं घातलेलं, सुपाएवढ्या तोंडाचं. त्याला नुकतंच घासलेलं असावं. रिळाच्या चौकटीत ते नखाएवढं दिसत होतं, पण त्या फुगीर पितळेत सगळं मैदान मावलं होतं.

यंत्र दोन दिवस चाललं. हर्षदा त्या दोन दिवसांत घरी नीट जेवली नाही. चहा करायची आणि प्यायला विसरायची, मैत्रिणीचा फोन घ्यायची आणि मधेच ठेवून द्यायची. घरच्या माणसांच्या फिल्मवर काम केलं तर दुसऱ्या कुणीतरी ते वेगळं करून ताडून बघायचं, असा संग्रहालयाचा नियम होता. तिच्या सहकाऱ्यानं ते केलं. निकाल एकच आला. तो स्क्रीन तिच्याकडे वळवून बाहेर गेला.

करड्या धुक्यातून मैदानाची डावी कड वर आली. पोलिश बायकांच्या छत्र्या. सायकली. माणसांची दाटी, आणि त्यात एक उंच आकृती, डोक्यावर घागर. आनंदा. त्याच्या आसपास कुणीही नव्हतं. त्याला कुणी धरलेलं नव्हतं. तो मान उंचावून मॅच बघत होता.

थोड्या अंतरावर काळ्या टोप्यांतले तीन पुरुष होते. गर्दीतले बाकी सगळे बॉलकडे बघत होते. हे तिघे गर्दीकडे बघत होते, पण दुसऱ्या टोकाला.

मग पितळेच्या कडेला गोलकीपरचा हात वर गेला. तिन्ही टोप्या वळल्या. आधी गोलकीपरकडे, मग त्याचा हात ज्या दिशेला होता तिकडे. घागर हलली. टोप्या गर्दी कापत निघाल्या.

आणि मैदानातून कॉलेजच्या पट्ट्यापट्ट्यांच्या जर्सीतला एक खेळाडू बॉल सोडून कडेकडे धावला. सरळ रेषेत, जीव खाऊन. तो त्या तिघांच्या आधी पोचला आणि दोन्ही हात पसरून त्यांच्या आडवा उभा राहिला. एका टोपीनं त्याला ढकललं. तो हलला नाही. घागर खाली पडली, आनंदा दोन पावलं पळाला, बाकीच्या दोघांनी त्याला गाठलं. त्या घोळक्यात पट्ट्यांची जर्सी शेवटपर्यंत दिसत राहिली.

गोलकीपर सोडून कॉलेजचे दहाही खेळाडू मोजता येत होते. आपली जागा सोडलेला एकच होता.

हर्षदा उठली, खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा बघितलं. मग पुन्हा. बळवंतनं कुणाला पकडून दिलं नव्हतं. आनंदाला दाखवून दिलं होतं ते आबांच्या हातानं. नकळत, हौसेनं, पण त्यांच्याच हातानं. आणि बळवंतशिवाय ते बघणारा, कळणारा मैदानावर एकच माणूस होता, तो म्हणजे आबा. ते पुढे चव्वेचाळीस वर्षं जगले. एक शब्द बोलले असते तर रेडेकरांचं घर वाचलं असतं.

*

"खोटं आहे," बापू म्हणाले.

ती पहाटेच्या गाडीनं आली होती. बापूंच्या बैठकीच्या खोलीत चषकाच्या तयारीची खोकी पडली होती. बापूंनी ते पैलचित्र एकदाच बघितलं, चष्मा काढला आणि पुसत बसले.

"यंत्र आहे ते. यंत्राला काय कळतंय कोण कुणाला अडवतंय? हात पसरून उभा होता म्हणजे दाखवत असंल, हा बघा, हा बघा म्हणून."

"बापू, तो पोलिसांकडे तोंड करून उभा आहे."

"धुरकट आहे सगळं!"

"आबांचा हात धुरकट नाही. तो मूळ फिल्ममध्येच आहे."

बापूंनी चष्मा डोळ्यांवर ठेवला. आवाज खाली आला. "पोरी, साठ वर्षं हा चषक चालवतोय मी. आनंदाकाकांच्या नावानं. वडलांच्या तोंडून त्यांच्याबद्दल एक शब्द कधी निघाला नाही, म्हणून मी बोलत राहिलो. आणि आता गावापुढं जाऊन सांगू, की माझ्या बापानंच..." ते थांबले. "पुसून टाक ते."

"नाही पुसणार."

"मग पुण्याला घेऊन जा आणि तिथंच ठेव. मी मेल्यावर काय करायचं ते कर."

तिला खूप बोलायचं होतं. फोटोपुढे उभी राहिलेली ती वीस वर्षांची पोरगी आठवत होती. पण समोरचा म्हातारा माणूस हातातला रुमाल घडी करत होता, उलगडत होता, पुन्हा घडी करत होता. ती तशीच बाहेर पडली. तालमीच्या बाजूनं गेली, परत फिरली, तळ्याला एक फेरी मारली. शेवटी रिक्षावाल्याला तिनं सुहासच्या मैदानाचं नाव सांगितलं.

*

मुलींचा सराव चालला होता. सुहास कडेला शिट्टी गळ्यात अडकवून उभा होता. केस पांढरे झाले होते, बाकी तोच.

"हर्षदा इंगवले," तो म्हणाला. "कोण गेलं काय?"

"नाही. तुला एक दाखवायचंय."

बाकावर बसून त्यानं तिच्या टॅबलेटवर ते पाहिलं. आधी मूळ न्यूजरील, मग पैलचित्र. पट्ट्यांची जर्सी धावायला लागली तसा तो पुढे वाकला.

"आजोबा?"

"हो."

"हे एवढे पळायचे? आम्ही बघितलं तेव्हा चार पायऱ्या चढायच्या तर कठड्याला धरून..." त्यानं बोटानं ती आकृती पुन्हा मागे नेली, पुन्हा पळवली. मैदानावर कुणीतरी फाऊल केला, मुली त्याच्याकडे बघू लागल्या. त्यानं शिट्टी वाजवली नाही.

"यशवंताला विचारा, म्हणायचे," तो म्हणाला. "कुणी काही बोललं की तेवढंच. यशवंताला विचारा. घरात आम्हाला कंटाळा आला होता त्या वाक्याचा. शेवटी शेवटी तर आमच्या वडलांनापण वाटायचं, म्हातारं नेमकं हेच का म्हणतंय? सरळ 'मी नाही केलं' असं का म्हणत नाही?"

"सुहास, मी..."

"मला राग यायला पाहिजे न्हवं आत्ता? येईना झालाय. पायात गोळा आल्यागत झालंय नुसतं." तो उठला, दोन पावलं चालला, परत बसला. "आपलं काय मग?"

तिनं तोंड उघडायच्या आतच त्यानं विचारलं, "हे दाखवणार आहेस फायनलला?"

"बापूंशी बोलल्याशिवाय..."

"तीस वर्षांमागं पण हेच म्हणालीस." तो हे कडवटपणे बोलला नाही. त्यामुळे ते जास्त लागलं. "माझी इंदूआत्या आहे अजून. आजोबांची मुलगी. अठ्ठ्याऐंशी वर्षांची. लहानपणापासून मागच्या दारानं ये-जा करत वाढली, कारण पुढच्या दारात उभं राहिलं की गल्ली थुंकायची. तिला मी आज हे दाखवणार. तुझे बापू काय म्हणतात याची वाट मी नाही बघणार."

"बघू नकोस," हर्षदा म्हणाली. आणि पहिल्यांदाच तिला ठरल्यासारखं वाटलं. बापू हो म्हणोत, नाही म्हणोत, पडद्यावर हेच लागेल. त्यांना तोंडावर सांगायचं आणि मग जे होईल ते होईल.

*

ती घरी पोचली तेव्हा दार उघडंच होतं. बापू टीव्हीसमोर खुर्ची ओढून, जवळजवळ काचेला नाक लावून बसले होते. तिनं आणलेलं मूळ न्यूजरील लावलं होतं. पैलचित्र नाही, साधी मॅच. आबा हात वर करत, गोल होई, बापू रिमोटनं मागे नेत.

"बापू, मी ठरवलंय..."

"हितं ये. हितं बस." त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "हे थांबवून मोठं कसं करायचं?"

तिनं करून दिलं. आबांचा चेहरा पडदाभर झाला. साफ केलेली फिल्म होती, पापण्यासुद्धा दिसत होत्या. मान वळलेली, हात वर, आणि तोंडभर हसू. असं तसं नव्हे, दात दाखवून, डोळे बारीक करून. जत्रेत हरवलेलं माणूस अचानक पुढ्यात यावं तसं.

हर्षदानं हे रीळ कितीदा पाहिलं होतं. ती आबा कुठे बघतायत तेच शोधत राहिली होती. चेहऱ्याकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

"हसालेत," बापू म्हणाले. "माझा बाप हसालाय. मी छत्तीस वर्षं त्यांच्याबरोबर काढली, असं हसताना एकदा नाही बघितलं. माझ्या लग्नात नाही. तू झालीस तेव्हा नाही." त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "म्हणून सकाळपासून बघत बसलोय. नुसतं हसणं बघायला. आणि मग डोक्यात आलं. भावाच्या दंडाला पोलिसांनी धरलंय, आणि ते बघून कोण हसतंय?"

ती पडद्याजवळ वाकली.

"तुझं यंत्र राहू दे बाजूला. हे साध्या डोळ्याला दिसतंय. तोपर्यंत काकांना कुणी धरलंच नव्हतं. आबांनी त्यांना बघितलं, आणि आनंदानं हात केला." बापू बोलत राहिले. "आणि त्यांना ठाऊक होतं. म्हणून मॅच बघायला आले नाहीत कधी. चषक सुरू केला तेव्हा उद्घाटनाला बोलावलं मी. ते उठून आत गेले. आम्ही म्हटलं, दुःख आहे. बळवंतरावांचं घर फुटताना बघत होते आणि गप्प बसले. आणि मी त्याच्यावर कळस चढवला."

"त्यांनी मुद्दाम नाही केलं बापू. हात केला तो."

"हात मुद्दाम नव्हता. गप्प बसणं मुद्दाम होतं."

तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ हाडकुळी आणि गरम होती. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तू काय ठरवलंयस म्हणालीस?"

"आता सांगायची गरज नाही."

*

चषकाच्या समितीच्या चिटणिसांनी फार विरोध केला. हुतात्म्याच्या नावाला बट्टा लागेल म्हणाले. बापू म्हणाले, काकांच्या नावाला काय लागतंय? ते मॅच बघायला आले होते. बट्टा आमच्या घराला लागेल, तो लागू दे.

फायनलच्या दिवशी मैदान दुपारीच भरलं. दोन्ही टीम बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मोठ्या पडद्यावर आधी न्यूजरील लागलं, तेव्हा लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. अनवाणी पोरं बघून गॅलरी खूश झाली. मग पैलचित्र लागलं आणि बापूंनी माईक घेतला. ते भाषणात मुरलेले होते, पण त्या दिवशी वाक्यं तुटत होती. हा हात माझ्या वडलांचा. ह्या टोप्या पोलिसांच्या. हा पळतोय तो बळवंत रेडेकर, हाफ-बॅक. माझ्या चुलत्याला वाचवायला तो एकटा पळाला, आणि आम्ही त्याला गद्दार म्हटलं. माझ्या वडलांना खरं माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

मग गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "मग आता बास करा चषक!" दुसरीकडून त्याला कुणी शिवी घातली. काहीजण उठून चालू लागले. पुढच्या रांगेतले पाहुणे मोबाइलमध्ये तोंड घालून बसले. रेफरी घड्याळाकडे आणि बापूंकडे आळीपाळीनं बघत होता. बापू माईक धरून तसेच उभे होते.

फाटकातून सुहास आत आला. त्याच्या दंडाला धरून एक ठेंगणी म्हातारी चालत होती, नऊवारीतली, हळूहळू, कडेच्या चुन्याच्या रेषेवरून. लोक बाजूला होत गेले. इंदूआत्या बापूंपुढे येऊन थांबल्या. बापूंकडे बघायला त्यांना मान वर करावी लागली.

बापूंनी माईक खाली केला आणि हात जोडले. "आक्का, मला माफ..."

"थांब," त्या म्हणाल्या. हर्षदा शेजारीच होती म्हणून तिला ऐकू आलं. "हितं नको. हितं माणसं बघाल्यात. गर्दीत माफी मागायला सोपं असतंय रंगा. आमचं घर कुठं आहे ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"तुझा बाप त्याच्यावरनं रोज कारखान्याला जायचा. एकदा दार वाजवलं असतं तर माझा बाप सुखानं मेला असता. तू पण त्याच्यावरनंच शाळेला गेलास." त्यांना दम लागला. सुहासनं त्यांना सावरलं. "उद्या ये. पुढच्या दारानं ये."

त्या वळल्या आणि आल्या तशाच चुन्याच्या रेषेवरून परत गेल्या. मॅच न बघता. सुहासनं हर्षदाकडे एकदा बघितलं. त्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. रेफरीनं शिट्टी वाजवली.

*

दुसऱ्या दिवशी बापू सकाळपासून तयार होऊन बसले. धोतर नेसले, मग सोडून पायजमा घातला. काय न्यायचं यावर त्यांनी हर्षदाला तीनदा विचारलं. पेढे नेणं बरं दिसेल का, फळं न्यावीत का, रिकाम्या हातानं गेलं तर चालेल का. शेवटी काहीच न घेता निघाले.

गल्ली घरापासून लांब नव्हती. हर्षदानं गाडी काढते म्हटलं, तर नको म्हणाले. चालत गेले, काठी टेकत, मधेमधे थांबत. गल्लीत दोनचार जण दारात येऊन उभे राहिले. कालचं सगळ्यांनी पाहिलं होतं. कुणी हाक मारली नाही. बापूंनीही कुणाकडे बघितलं नाही.

रेडेकरांचं दार बंद होतं. जुनं सागवानी दार, त्यावर नवा पिवळा रंग. बेल होती, पण बापूंना ती दिसली नाही किंवा त्यांना ती नको होती. ते पायरीवर चढले आणि उभे राहिले. हर्षदा मागे, रस्त्यावरच थांबली. तिला पुढे होऊन दार वाजवावंसं वाटत होतं. त्यांचा हात धरून वाजवावंसं वाटत होतं. ती हलली नाही.

बापूंनी हात उचलला, खाली घेतला. नेहरू शर्टाची बाही सारखी केली. पुन्हा हात उचलला आणि दारावर दोनदा थाप मारली, फार हळू. वाट बघितली. मग तिसऱ्यांदा, जोरात.

आत काठीचा आवाज झाला. पावलं दारापर्यंत येऊन थांबली.

"कोण हाय?" इंदूआत्यांनी विचारलं.

बापूंनी एकदा मागे वळून मुलीकडे बघितलं. मग दाराकडे तोंड करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यशवंता इंगवल्याचा पोरगा आलोय."

आतून कडी निघाली.